नलिनी घाडीचा पांढरा एप्रन

आधीच सांगते, मला कुणाचं कौतुक करता येत नाही. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी केली आहे. कंपनीत त्याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण नलिनी घाडीबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं. आमची शास्त्रज्ञ ऋता लिहायला बसली तर दुसऱ्या ओळीला रडेल आणि आमचे मालक चंद्रप्रकाश सर अख्खी बाई दोन वाक्यांत गुंडाळतील. म्हणून मीच बसले.

आमची कंपनी म्हणजे अंधेरीच्या एमआयडीसीत तिसऱ्या मजल्यावरचे दोन गाळे. खालच्या मजल्यावर बिस्किटांचे पुठ्ठे छापतात, वरच्या मजल्यावर लिफ्टचे सुटे भाग मिळतात, आणि मधे आम्ही माणसाची एन्झाइमं बनवतो. घाबरू नका, त्यासाठी माणूस लागत नाही. माणसाच्या शरीरात जे एन्झाइम तयार होतं त्याची कृती एका साध्या जंतूच्या पोटात घालायची, त्या जंतूला खाऊपिऊ घालून वाढवायचं, आणि मग त्याने बनवलेलं एन्झाइम वेगळं काढून इवल्याशा कुप्यांत भरायचं. नवी औषधं शोधणारे संशोधक या कुप्या घेतात आणि आपलं औषध आधी या एन्झाइमवर चालतं का ते बघतात.

हे मी आत्ता जेवढं बरं सांगितलं ना, ते माझं नाही, नलिनीचं आहे. ती जोगेश्वरीला गुंफेजवळच्या चाळीत राहते, आणि तिथे एकदा बोंब उठली की घाडीणबाई माणसांचे अवयव बाटलीत भरतात. कारण काय, तर आमच्या खोक्यांवर ‘ह्युमन’ असं छापलेलं असतं आणि तिच्याच चाळीतल्या एका कुरिअरवाल्याने तेवढं वाचून खोकं आमच्या जिन्यातच ठेवून पळ काढला होता. दहिसरच्या तिच्या जावेने तर तिच्या हातचं खाणंच सोडलं. मग नलिनीने गणपतीत सगळ्या बायकांना बसवून सांगितलं, की दुधाला विरजण लावतो ना, तसे आमचे जंतू. फक्त त्यांच्या हातात आम्ही माणसाच्या स्वयंपाकाची चिठ्ठी देतो, ते बिचारे वाचून तसंच रांधतात. त्या दिवशी जावेने दोन वाट्या खीर खाल्ली. ऋता एवढी पीएचडी झालेली मुलगी, तिला स्वतःच्या आईला अजून हे समजावता आलेलं नाही.

नलिनीचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसे ते लालबागेतून जोगेश्वरीला आले. नवरा सहदेव फिटर होता, चांगला माणूस. अकरा वर्षांपूर्वी आजारपणात गेला. त्यानंतर दोन वर्षांनी नलिनी आमच्याकडे काचेची भांडी धुवायला लागली. कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदारामार्फत आलेली, निळा एप्रन घालणारी बाई. आमच्याकडे जे धुतात-पुसतात त्यांचा एप्रन निळा, आणि जे रजिस्टरमध्ये सही करतात त्यांचा पांढरा. हा नियम मीच केलेला. उगाच कुणीही कशालाही हात लावू नये म्हणून.

भांडी धुता धुता ही बाई काय काय शिकली ते मला कळलंच नाही. एकदा मी जाताना हिने मला थांबवलं, म्हणाली तीन नंबरच्या फ्लास्कचा वास बरोबर नाही. जंतूंना एक ठरावीक वास येतो, ओल्या पिठासारखा. तीन नंबरला म्हणे नासका येत होता. मी म्हटलं, तुझं नाक आणि माझं रजिस्टर यात मी रजिस्टरवर विश्वास ठेवते. दुसऱ्या दिवशी तीन नंबरमध्ये भलतेच जंतू निघाले. तेव्हापासून ऋता रोज सकाळी आधी नलिनीला फ्लास्क हुंगायला देते आणि मग मशीनला दाखवते. मी बघते आणि बघितलं नाही असं करते.

हळूहळू जंतूंचं खाणं वजन करून कालवायचं काम तिच्याकडे आलं. चुकून एक ग्रॅम इकडचं तिकडे नाही. पण रजिस्टरमध्ये दोन रकाने असतात, ‘केले’ आणि ‘तपासले’. काम करायची नलिनी, आणि ‘केले’ समोर सही करायची ऋता. नऊ वर्षांत नलिनीने मला एकदाच विचारलं. म्हणाली, “मॅडम, केलं मी, मग ‘केले’ मध्ये माझं नाव का नाय?” मी म्हटलं, नियम आहे. ती बरं म्हणाली आणि गेली. मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

शेवटी गेल्या जूनमध्ये मीच सरांकडे गेले आणि भांडले. सर म्हणाले, तुम्ही तोंडी परीक्षा घ्या, पास झाली तर दिवाळीच्या आधी तिला कंपनीत घेऊ. लॅब असिस्टंट, पांढरा एप्रन, सहीचा अधिकार. मी दोन तास परीक्षा घेतली आणि मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारले. एक उत्तर चुकलं, आणि नंतर पुस्तक काढून बघितलं तर ते माझंच चुकलं होतं. नलिनी त्या दिवसापासून जुन्या चलनांच्या पाठीवर सही गिरवायला लागली. नलिनी सहदेव घाडी, नलिनी सहदेव घाडी, पानंच्या पानं. एप्रनचं माप पण देऊन आली.

आणि मग आला दसरा.

आता आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या मशिनींची पूजा होते. तुम्ही म्हणाल, लॅबमध्ये कसली पूजा? अहो, पुठ्ठेवाला करतो, लिफ्टवाला करतो, आम्ही काय घोडं मारलंय? सकाळी मशीन पुसायची, हळदकुंकवाची बोटं ओढायची, झेंडूचा हार घालायचा, पेढे खायचे आणि लवकर घरी जायचं. पूजा नेहमी नलिनीच करते. पहिल्या वर्षी ती मागे सरकून उभी राहिली होती. सहदेव गेल्यापासून चाळीतल्या हळदीकुंकवाला ती जात नव्हती, कुणी बोलावतही नव्हतं. मी म्हटलं, मशीनला सगळं सारखंच, लाव तू. तेव्हापासून दर वर्षी ती गावाहून बहिणीने पाठवलेली हळद घेऊन येते आणि प्रत्येक मशीनला इतक्या मायेने लावते, की माझ्यासारख्या खडूस बाईलाही दोन मिनिटं बरं वाटतं.

या वर्षी नवीन मशीन आलेलं होतं. एन्झाइम किती जोरात काम करतंय ते हे मशीन उजेडावरून मोजतं. एका प्लेटमध्ये शहाण्णव चिमुकल्या वाट्या असतात. वाटीत एन्झाइम चांगलं असेल तर निळा उजेड टाकल्यावर त्यातून हिरवट उजेड निघतो, आणि प्लेट ड्रॉवरमध्ये ठेवली की मशीन ती आत ओढून, हलवून, खालून तो उजेड वाचतं. एका वाटीत मुद्दाम एन्झाइम घालत नाहीत. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. ती अंधारी दिसायला हवी. आमचं ब्लँक दोनशेच्या आसपास येतं. पाचशेच्या वर गेलं की चाचणी बाद.

दसरा झाला आणि ऋताची नवीन बॅच माझ्याकडे तपासायला आली. प्रथिनं कातरणारं एन्झाइम होतं, नलिनी त्याला कात्री म्हणायची. ऋताची आणि तिची चार महिन्यांची मेहनत. मी प्लेट लावली. ब्लँक आलं चार हजार. रिकामी वाटी चमकतेय म्हणजे काहीतरी घाण आहे. दुसऱ्यांदा केलं, पाच हजार. मशीनचा इंजिनीअर बोलावला, त्याने स्वतःची सीलबंद प्लेट वरून वाचायला लावली, मशीन एकदम झकास आहे म्हणाला, चहा पिऊन गेला.

मशीन चांगलं, पाणी चांगलं, रसायनं चांगली. मग राहिलं काय? काचेची भांडी. ती कोण धुतं? नलिनी. साबण राहिला तरी उजेड येऊ शकतो, हे मीच मिटिंगमध्ये बोलले. सर म्हणाले, कारण सापडेपर्यंत नलिनीचं नेमणुकीचं पत्र थांबवू. तिला बोलावून तसं सांगितलं. ती हो म्हणाली आणि आत जाऊन सगळी भांडी पुन्हा धुवायला बसली. सात सात वेळा धुतली. हाताची सालपटं निघाली. शिवलेला पांढरा एप्रन माझ्या कपाटात प्लास्टिकमध्ये पडून होता, आणि कपाट उघडलं की मला तो आधी दिसायचा.

भांड्यांच्या जागी कोऱ्या प्लास्टिकच्या नळ्या वापरून नुसतं पाणी मोजायचं, ही अक्कल नलिनीचीच. ब्लँक तरीही चार हजार. म्हणजे भांडी सुटली. पण कारण काही मिळालं नाही, आणि आमच्या धंद्यात नियम आहे, की कारण सापडून ते लिहिल्याशिवाय तिसरी चाचणी करता येत नाही. दोनदा बाद म्हणजे बॅच बाद. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता मी ती बॅच नष्ट करायच्या कागदावर सही करणार होते. ऋता तोंड पाडून बसली होती. सर माझ्या टेबलाशी उभे होते.

पुढचं नलिनीने नंतर सांगितलं. दिवाळी आली, सगळी लॅब आवरून झाली होती. नवीन मशीनचा ड्रॉवर आतून कुणी पुसत नाही, बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवतो तेवढंच. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिने बटण दाबून ड्रॉवर बाहेर काढला आणि साबणाच्या ओल्या फडक्याने त्याचा कोपरा पुसला. फडकं लाल झालं.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. नलिनीला एका क्षणात सगळं समजलं. पूजेच्या दिवशी तिने ड्रॉवरच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली होती. वरवरची पुसली, खाचेतली राहिली. मशीन प्लेट हलवायचं तसतशी ती उडून प्लेटच्या बुडाला बसायची. आणि हळद निळ्या उजेडात हिरवट चमकते. इंजिनीअरने आपली प्लेट वरून वाचली, म्हणून त्याला ती दिसली नाही.

आता विचार करा. तिने ते फडकं गुपचूप धुतलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. दिवाळीनंतर मशीन आपोआप बरं झालं असतं, भांडी सुटलीच होती, तिला पत्रही मिळालं असतं. फक्त ऋताची बॅच भट्टीत गेली असती. मी पेनाचं टोपण काढलं आणि ही बाई लाल फडकं घेऊन दारात उभी. “सही करू नका मॅडम,” ती म्हणाली. “कात्री चांगली आसा. ही माझ्या हातची हळद. मीच लावलेली ड्रॉवराक.” ती घाबरली की मालवणीत जाते.

ऋता जी उठली ती निळा टॉर्च घेऊन मशीनकडे पळाली. दिवा बंद करून ड्रॉवरवर टॉर्च मारला, तर चारही कोपरे असे पिवळेहिरवे पेटलेले, की सर पण अरे देवा म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. नऊ वर्षं काम करतेस, मशीनच्या आत हात घालायचा नाही हे कळत नाही का, असं ते नलिनीला म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. अशा माणसाला सहीचा अधिकार कसा द्यायचा, असंही म्हणाले. नलिनी खाली मान घालून उभी राहिली. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

आता इथे मला जे लिहायचं आहे त्याची मला लाज वाटते. ड्रॉवरचं ते बटण पूजेच्या दिवशी कुणी दाबलं होतं? मी. नलिनी नेहमीसारखी बाहेरूनच बोटं ओढत होती. मला त्या दिवशी पेढ्यांमुळे की कशाने प्रेम फुटलं, मी म्हटलं, नवीन मशीन आहे गं, आतून पण लाव की नीट, आणि स्वतःच्या हाताने ड्रॉवर बाहेर काढून दिला. नियम करणारी मी, मोडणारी मी, आणि सर बोलत होते तेव्हा गप्प बसलेलीही मीच. सर केबिनमध्ये गेले. नलिनी मोरीकडे गेली. मी खुर्चीतच बसून राहिले.

तिसऱ्या चाचणीसाठी कारणाचा फॉर्म भरायचा होता. काय घडलं, कधी घडलं, भराभर लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘कोणाच्या सूचनेवरून’. हा फॉर्म मीच बनवलाय आणि दुसऱ्यांचे शेकडो फॉर्म याच रकान्यावर अडवून परत पाठवलेत. मी तिथे माझं नाव लिहिलं, माणिक विद्याधर टिपणीस, आणि कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. मी म्हटलं, “तिने स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं. मी अर्धा तास गप्प होते. सही कुणाला द्यायची ते तुम्हीच ठरवा.” सरांनी कागद घडी घालून खणात ठेवला. मग म्हणाले, आधी तुमची चाचणी करा, मग बोलू.

नलिनीने ड्रॉवर चकचकीत पुसला. ऋताने टॉर्च मारून बघितला, मी मारून बघितला, सरांनीही मारून बघितला. मग प्लेट लावली. आकडा येईपर्यंत आम्ही चौघं पडद्याला नाक लावून उभे होतो. ब्लँक दोनशे दहा. आणि कात्री? आजवरच्या सगळ्या बॅचपेक्षा तेज. ऋता रडलीच, सांगितलं होतं ना.

सरांनी दोन गोष्टी केल्या. माझ्याकडून बोर्ड लिहून घेतला, की यापुढे लॅबच्या आत हळदकुंकू आणायचं नाही, पूजा दाराबाहेर स्टुलावर नारळ ठेवून करायची. आणि नलिनीच्या पत्रावर सही केली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी कपाटातून एप्रन काढून तिच्या हातात दिला. ती तो छातीशी धरून नुसती उभी. मी वैतागून म्हटलं, घाल की आता. तर म्हणते कशी, नवीन कपडा हा मॅडम, कुंकवाचं बोट लावल्याशिवाय कसा घालू, आणि तुमचा तर बोर्ड लागलाय. मला हे होणार हे माहीतच होतं. मी घाटकोपरहून निघतानाच घरचा करंडा पर्समध्ये घातला होता. तिला घेऊन बाहेर जिन्यात गेले, पुठ्ठ्यांच्या वासात, आणि एप्रनच्या कॉलरला आतून कुंकवाचं बोट टेकवलं. मग चिमटीत हळद घेतली आणि तिच्या कपाळाकडे हात नेला. ती मागे सरकली, अगदी पहिल्या वर्षी सरकली होती तशीच.

“मॅडम, मला चालत नाय,” ती म्हणाली.

“माझ्या मशिनींना तुझ्या हातचं नऊ वर्षं चाललं ना? मग तुला माझ्या हातचं चालेल.”

तिने डोळे मिटले. मी हळद लावली, कुंकू लावलं. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलंसुद्धा. ती हसली, रडली, दोन्ही एकदम. मग मीच दरडावलं, की आता असंच आत जाशील तर परत ब्लँक चार हजारांवर जाईल. दोघी मोरीवर गेलो, तोंडं धुतली, साबणाने हात घासले. फेस लाल लाल झाला. नियम म्हणजे नियम.

आत येऊन तिने एप्रन घातला, जंतूंचं खाणं वजन करून कालवलं, आणि रजिस्टर पुढे ओढलं. ‘केले’ च्या रकान्यात लिहायला लागली. नलिनी, मग सहदेव, मग घाडी, एकेक अक्षर कोरून, तीन मिनिटं. रकाना भरला, नाव शेजारच्या ‘तपासले’ मध्ये घुसलं, माझ्या सहीला जागाच उरली नाही. एरवी असलं पान मी फाडून पुन्हा लिहायला लावलं असतं. मी समासात बारीक अक्षरात माझी सही केली.